अनुभव धागा : किशोरवयीन प्रेमाच्या विनोदी कादंबऱ्या कशा घडतात?

किशोरांसाठी लिहिणारे, त्यांची हस्तलिखितं तपासणारे, पानं जुळवणारे आणि पुस्तकं मुलांच्या हातात देणारे पुण्यात बरेच जण आहेत. अकरावी-बारावीतलं पहिलं प्रेम आणि त्यातली गंमत आपल्या एकांकिकांमध्ये भरपूर दिसते, कादंबरीत त्या मानाने कमी. ज्यांचा या कामाशी संबंध आहे त्यांनी आपापल्या बाजूचं नेमकं लिहावं: काय केलं की प्रसंग हसवतो, काय केलं की फसतो आणि का. स्वतःच्या पहिल्या प्रेमाच्या आठवणी इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

कादंबरीलेखन, कोथरूड

सुरुवात पैसा, वेळ आणि थाप यांपासून करावी. मोठ्यांच्या प्रेमकथेत दोघं ठरवतात आणि भेटतात. सोळाव्या वर्षी भेटायचं तर खिशात पैसे लागतात, घरून वेळ लागतो आणि निघताना सांगायला कारण लागतं. सगळा विनोद या तिघांच्या ओढाताणीत असतो. म्हणून पहिलं प्रकरण लिहिण्याआधी नायकाचा किंवा नायिकेचा आठवडा कागदावर मांडा. कॉलेज किती ते किती, क्लास कोणत्या वारी, मधली मोकळी मिनिटं किती, हातात पैसे किती आणि बसभाडं जाऊन उरतात किती. उरलेल्या ऐंशी रुपयांत दोघांचं काय काय होऊ शकतं, एवढ्यावर दहा-पंधरा पानं सहज निघतात. मुलाकडे भरपूर पैसे दिलेत की ती पानं गेली. आणि हल्लीच्या कथेत यूपीआय विसरू नका. खातं वडिलांचं असेल तर कॉफीचा मेसेज वडिलांच्या फोनवर जाऊ शकतो, तोही बऱ्याचदा दुकानाच्या नावासकट.

थापांची वेगळी वही ठेवा. चार रकाने पुरेत: कोणी मारली, कोणाला, काय सांगितलं, पुढे तिचं काय झालं. थाप पकडली गेली की वाचक एकदाच हसतो. ती खरी मानली गेली तर पुढची चार प्रकरणं चालते. समजा मुलाने घरी सांगितलं, 'शनिवारी गणिताचा जादा तास आहे.' आईला ते इतकं पटतं की ती शेजारच्या दोन मुलांनाही त्या तासाला पाठवायचं ठरवते आणि फी विचारते. आता त्याला सर हवेत, जागा हवी, विद्यार्थी हवेत आणि मुख्य म्हणजे गणित यायला हवं. थापेतून नवं काम अंगावर आलं पाहिजे. मात्र तीन प्रकरणं उलटूनही थापेची परतफेड झाली नाही तर वाचक ती विसरतो, आणि नंतर ती उघडी पडली तरी कुणाला काही वाटत नाही.

लांबी ४० ते ५० हजार शब्द ठेवा, प्रकरणं तीसच्या आसपास, प्रत्येक साधारण १,५०० शब्दांचं. ही मुलं बसमध्ये आणि दोन क्लासच्या मधल्या वेळात वाचतात, प्रकरण दहा मिनिटांत संपलं पाहिजे.

संपादन, सदाशिव पेठ

वाक्याच्या पातळीवरचं सांगतो. बहुतेक हस्तलिखितांत विनोद असतो, पण तो वाक्याच्या मध्यावर सांडलेला असतो. 'डब्यात चिठ्ठी असल्याचं आईने डबा उघडल्यावर तिला दिसलं.' इथे चिठ्ठी दुसऱ्याच शब्दात खर्च झाली. आता हे बघा: 'आईने डबा उघडला. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, लोणचं आणि चिठ्ठी.' हसवणारी वस्तू शेवटी, तिच्या आधी दोन-तीन अगदी रोजच्या वस्तू, आणि क्रियापद गाळलेलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नेमक्या मोक्याच्या जागी 'होती', 'दिसलं', 'असते' असे शब्द येऊन बसतात. यादी करून किंवा वाक्य तोडून ती जागा मोकळी करावी लागते.

विनोद झाल्यावरचं पुढचं वाक्य बहुधा काढून टाकावं. 'सगळे खो खो हसले', 'त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता', 'तिला हसू आवरेना' ही वाक्यं वाचकाला हसायची आज्ञा देतात. पात्रांना हसू देऊ नका, त्यांना त्या क्षणी पुढचं काम करायला लावा. डबा बंद करायचाय, आईच्या हातून चिठ्ठी घ्यायचीय, भाजीत तेल जास्त झालंय असं काहीतरी बोलायचंय.

उद्गारचिन्हं मोजा. एका प्रकरणात पाचापेक्षा जास्त असतील तर लेखकाला प्रसंगावर भरवसा नाही असं समजावं.

किशोर-साहित्याचा अभ्यास, औंध

निवेदक कोण, यावर निम्मी कादंबरी ठरते. पहिल्या पुरुषात लिहायचं तर निवेदकाला कळतं त्यापेक्षा वाचकाला थोडं जास्त कळलं पाहिजे. ब्रिटिश लेखिका स्यू टाउनसेंडच्या १९८२ च्या डायरीवजा कादंबरीत, म्हणजे एड्रियन मोलच्या डायरीत, हे फार स्वच्छ दिसतं. पावणेचौदा वर्षांचा मुलगा स्वतःला विचारवंत समजतो, पँडोराच्या प्रेमात पडतो, मुरुमांची काळजी करतो. शेजाऱ्याचं त्याच्या आईकडे जाणं-येणं तो डायरीत नोंदवत राहतो, पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही. वाचकाला लागतो. हसू तिथून येतं आणि पोटात कालवाकालवही तिथूनच होते.

हे साधण्याचा सोपा मार्ग असा: निवेदकाला बारीक बघणारा करा, पण अर्थ लावण्यात कच्चा ठेवा. तिने वही परत देताना कव्हर बदललंय हे त्याला दिसलं पाहिजे. ते का बदललं याचा त्याने लावलेला अर्थ चुकला पाहिजे. निरीक्षणही चुकीचं आणि अर्थही चुकीचा असेल तर तो नुसता मूर्ख ठरतो, आणि मूर्ख मुलाच्या प्रेमाची कोणाला काळजी वाटत नाही.

डायरीत एक धोका आहे. सगळं घडून गेल्यावर लिहिलं जातं, त्यामुळे संवाद आटतात. तीन नोंदींनंतर एक तरी संवादांनी भरलेला प्रसंग हवा.

स्थळ-काळ तपासणी, नारायण पेठ

पुण्यात कथा घडवायची तर कॅलेंडर आणि नकाशा समोर ठेवूनच बसा. इथला वाचक चूक लगेच पकडतो आणि मग त्याचा प्रेमकथेवरचाही विश्वास उडतो.

ढोल-ताशा पथकाचा सराव हे प्रेमकथेसाठी उत्तम ठिकाण आहे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने, संध्याकाळी, बऱ्याचदा नदीपात्रात. मुलं-मुली एकत्र, घरच्यांची परवानगी आणि शेजारी उभं असूनही एक शब्द ऐकू येत नाही. सगळा संवाद खुणांनी होतो आणि प्रत्येक खुणेचे दोन अर्थ निघतात. पण वर्ष ठरवा. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. म्हणजे सराव कधी सुरू होतो आणि चाचणी परीक्षेशी त्याची टक्कर कधी होते, हे दरवर्षी बदलतं. दहावीतल्या पात्राची बोर्डाची परीक्षा आणि अकरावीतल्या पात्राची प्रवेशाची यादी यांनाही त्या त्या वर्षात ठाकूनठोकून बसवा.

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि रहदारी बंद होते. एक जण डेक्कनला आणि दुसरी नारायण पेठेत अडकलेली, सात वाजता घरी पोचायचंय, हा प्रसंग पावसाळ्यात आपोआप मिळतो. झेड पुलावर, म्हणजे जोडप्यांच्या नेहमीच्या जागी, मात्र पहिली कबुली देऊ नका. ती जागा पुण्यातल्या प्रत्येक वाचकाच्या डोक्यात आधीच भरलेली आहे. त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानासमोरची रांग, पीएमपीच्या बसचा मागचा दरवाजा, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेताना झालेली घासाघीस, या ठिकाणी माणसं गर्दीत असूनही एकटी पडतात.

अजून एक. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटरला १८ वर्षं पूर्ण लागतात, आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. म्हणून अकरावीतल्या नायकाला बाबांच्या स्कूटरवरून तिला सोडायला पाठवू नका. सायकलवर दोघं जाऊ लागले की चढ आला, घाम आला, चेन पडली, हात काळे झाले. कायदा पाळला तर प्रसंगही जास्त चांगला होतो.

शालेय ग्रंथालय, हडपसर

मुलीच्या मागे क्लासपासून घरापर्यंत जाणं विनोद म्हणून येणारी हस्तलिखितं अजून दिसतात. ते थांबवा. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि आज वाचणाऱ्या मुलींना ते मजेशीर वाटत नाही, भीतीदायक वाटतं. नकार आला तर तो एका वाक्यात, स्पष्ट येऊ द्या. त्यानंतरची गंमत मुलाच्या स्वतःशी चाललेल्या झटापटीत आहे. तिच्यासाठी घेतलेल्या पेनांचं आता काय करायचं, तिच्यामुळे लावलेल्या जर्मनच्या क्लासची फी परत मिळेल का.

मुलीला स्वतःचं काहीतरी हवंच असलं पाहिजे: एकांकिकेतली भूमिका, जलतरणातली निवड, घरात स्वतःची खोली. प्रेम त्याच्या आड आलं की दोन्हीकडचा पेच खरा होतो.

पात्रं अठराच्या आतली आहेत. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार ती बालकंच, त्यामुळे शरीरसंबंधाचं वर्णन नकोच. हात धरायचा की नाही, या एका निर्णयावर अख्खं प्रकरण उभं राहतं. या वयात तो प्रश्न तेवढा मोठा असतोही.

आडनावं बेफिकिरीने देऊ नका. मराठी वाचक आडनावावरून जात, गाव, घरातलं वातावरण सगळं ओळखतो. दोन आडनावं समोरासमोर ठेवली की घरच्यांचा विरोध न लिहिता सुरू होतो. तो विषय घ्यायचा असेल तर पूर्ण घ्या. घ्यायचा नसेल तर आडनावंच टाळा, अख्ख्या वर्गाला टोपणनावं द्या.

गाण्यांबद्दल, थोडक्यात

सिनेमाच्या गाण्याच्या चार ओळी प्रकरणाच्या माथ्यावर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क शिल्लक असतात, परवानगी घ्यावी लागते. ओळी देऊ नका. गाणं रिक्षात वाजतंय आणि रिक्षावाला नेमक्या कडव्याला आवाज वाढवतोय एवढं पुरतं.

अक्षरजुळणी आणि छपाई, शुक्रवार पेठ

मोबाइलवरचे संवाद जुळवताना तीन गोष्टी बिघडतात. एक, इमोजी. देवनागरी फाँटमध्ये ते नसतात, छापताना रिकामे चौकोन येतात. शब्दांत लिहा: 'तिने नुसता अंगठा पाठवला.' हे चित्रापेक्षा जास्त लागतंही. दुसरं, रोमन लिपीतलं मराठी. दोन ओळींपुढे डोळा अडखळतो, देवनागरीत घ्या. तिसरं, लांबी. सलग आठ-दहा निरोपांनंतर कोण बोलतंय हे कळेनासं होतं; मध्ये एक हालचाल टाका, फोन उलटा ठेवला, आई खोलीत आली, चार्जिंग दोन टक्क्यांवर आलं.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला असेल तर 'ऱ्या', 'ॲ', 'ऑ' आणि अवतरणचिन्हं एकेक करून शोधा. 'दुसऱ्या', 'ॲडमिशन', 'ऑफ तास' हे शब्द या कादंबऱ्यांत पानोपानी असतात आणि हमखास तेच फुटतात.

पानांचं गणित सोळाच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या गठ्ठ्यात, करा. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात पानाला २४० शब्द धरले तर ४५ हजार शब्दांची सुमारे १८८ पानं होतात. सुरुवातीची पानं धरून हे २०० च्या आत-बाहेर जातं, म्हणजे साडेबारा फर्मे. १९२ किंवा २०८ वर आणा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आपल्याकडे मोफत मिळतो, पण अर्ज वेळेत करा, मुखपृष्ठ तयार झाल्यावर नव्हे.

वाचनगट, सिंहगड रस्ता

छापण्याआधी पहिली तीन प्रकरणं पंधरा ते सतरा वयाच्या पाच-सहा मुलांना द्या. नातेवाइकांची मुलं नकोत, ती गोड बोलतात. 'आवडलं का?' विचारू नका. पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे फोन हातात घ्यावासा वाटला तिथे आडवी रेघ, जिथे हसू आलं तिथे टिंब. तिघांच्या रेघा एकाच पानावर आल्या तर ते पान काढा, कितीही सुंदर लिहिलेलं असलं तरी. टिंबं कुठे आली ते लेखकाच्या अपेक्षेशी ताडून बघा. बऱ्याचदा टिंब विनोदी वाक्यावर नसतं, त्याच्या आधीच्या साध्या तपशिलावर असतं, आणि तोच वाढवायचा असतो.

मुलांची चालू बोली मात्र त्यांना विचारून भरू नका. ती दोन वर्षांत शिळी होते आणि पुस्तक लिहून छापून हातात येईपर्यंत तेवढा वेळ जाऊ शकतो. त्यापेक्षा पुस्तकातल्या टोळीचे स्वतःचे चार-पाच शब्द तयार करा, पहिल्या दोन प्रकरणांत त्यांचा अर्थ प्रसंगातून कळू द्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा.