पायथनच्या कमांड-लाईन टूलमध्ये 23 कमांड झाल्या, कंट्रोलर कसे पाडायचे?

कळमनावाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. कळमना मार्केटात काकांचा संत्रा-मोसंबीचा अडतीचा गाळा आहे, त्यांच्यासाठी दोन-अडीच वर्षांपूर्वी मी पायथनमध्ये एक छोटं टूल लिहिलं होतं. आवक नोंदवायची, शेतकऱ्याची पट्टी (त्याचा माल विकल्याच्या हिशोबाचा कागद) काढायची, खरेदीदाराचं बिल करायचं, कोणाकडे किती कॅरेट अडकलेत ते बघायचं, एवढंच. डेटा एसक्यूलाईट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये आहे. सुरुवातीला चार कमांड होत्या म्हणून सरळ सिस डॉट आर्गव्ही (टाईप केलेल्या शब्दांची यादी) बघून इफ-एलिफ लावले, मग काका म्हणाले हे पण पायजे ते पण पायजे, आणि आज एकाच फाईलमध्ये 23 कमांड झाल्यात आणि फाईल हजार ओळींच्या वर गेली आहे. (कमांड टाईप होतात इंग्रजी अक्षरांत, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

आता नीट करायचंच असं ठरवलं त्याचं कारण सांगतो. मागच्या आंबिया बहारात सकाळी लिलावाच्या गर्दीत मुनीमजींनी "काढ 118" असं टाईप केलं. त्यांना 118 नंबरची पट्टी काढायची होती. बरोबरच आहे ना, आपण पट्टी काढतोच म्हणतो. पण मी लिहिताना "काढ" म्हणजे आवकेची नोंद काढून टाकणे असं धरलं होतं. 42 कॅरेटची नोंद उडाली आणि काटोलकडचा शेतकरी समोर उभा. वहीत लिहिलेलं होतं म्हणून निभावलं, पण मुनीमजी त्या दिवसापासून टूलला हात लावायला घाबरतात आणि मला ते फार लागलं, कारण चूक त्यांची नव्हतीच.

तर शोधताना सिमेंट नावाचं फ्रेमवर्क (कमांड-लाईन टूलसाठी तयार सांगाडा) दिसलं, त्यात कंट्रोलर म्हणून प्रकार आहे, कमांड क्लासमध्ये गटागटाने ठेवता येतात. कल्पना आवडली पण तीन गोष्टी डोक्यात बसून नाही राहिल्या. एक म्हणजे कंट्रोलर नक्की कशावरून पाडायचे, कामावरून की वस्तूवरून. दुसरं, नेस्टेड आणि एम्बेडेड यात फरक काय. आणि हिशोब कुठे ठेवायचा, कारण आत्ता हमाली-तोलाईचं (माल उचलण्या-तोलण्याच्या मजुरीचं) गणित तीन ठिकाणी कॉपी-पेस्ट आहे. फळं-भाजीपाल्याची अडत (अडत्याचं कमिशन) 2016 पासून शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, म्हणजे पट्टी आणि बिल दोन्हीकडे गणित वेगळं, आणि एका ठिकाणी बदललं की दुसरीकडे राहून जातं.

की एवढ्याशा टूलला फ्रेमवर्क लावणंच जास्त होतं? अनुभव असेल तर सांगा.

---

धरमपेठ_पायथन

भाऊ, क्लिक नावाची पायथनची लायब्ररी वापर आणि मोकळा हो. फंक्शनवर डेकोरेटर (वर लिहायची @ ची ओळ) लावला की कमांड तयार, ग्रुप करून त्याच्याखाली सबकमांड टाकता येतात, क्लास वगैरे लिहावे लागत नाहीत. टाईप हिंट लिहायची सवय असेल तर टायपर बघ, ते पण त्याच वळणाचं आहे.

कंट्रोलर म्हण की ग्रुप म्हण, माझ्या मते क्रियापदावरून पाड. जोड, दाखव, काढ, बदल. मग "जोड आवक", "जोड कॅरेट", "दाखव बाकी". कुबेकटीएल या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळायच्या टूलमध्ये असंच आहे, आधी गेट किंवा डिलीट, मग कशाचं ते. शिकायला सोपं जातं कारण क्रियापदं चारच राहतात.

---

वर्धारोड_बॅकएंड

वरच्या दादांचं क्लिकबद्दल पटतं, क्रियापदावरून पाडायचं मात्र अजिबात पटत नाही, आणि तुझ्या गाळ्यावर तर ते धोक्याचंच आहे. तुझा घोटाळा झालाच "काढ" या शब्दामुळे. मराठीत पट्टी काढतात तेव्हा कागद तयार होतो, आणि नोंद काढतात तेव्हा ती जाते. एकच शब्द, दोन उलट अर्थ, आणि कुठला अर्थ ते पुढच्या-मागच्या नामावरून कळतं. मग ते नाम कमांडमध्ये आधी यायलाच पाहिजे. "काढ पट्टी" आणि "काढ आवक" असं ठेवलंस तर हात आधी "काढ"वर जाणार आणि पुढचा शब्द घाईत चुकणार.

डॉकर या प्रोग्रॅम डब्यात घालून चालवायच्या टूलमध्ये हेच होतं बघ. आरएम म्हटलं की कंटेनर (तो डबा) जायचा, आरएमआय म्हटलं की इमेज (डब्याचा साचा) जायची, दोघांत एका अक्षराचा फरक. 2017 च्या जानेवारीत 1.13 आलं तेव्हा त्यांनी कमांडचे गट केले, डॉकर कंटेनर आरएम, डॉकर इमेज आरएम असे. जुन्या पण चालतात अजून, पण नवीन माणसाला हेल्पमध्ये गट दिसले की कळतं काय कशाचं आहे.

आता तुझ्या गाळ्यावर बघ, काकांकडे वह्या किती आहेत? आवक वही, पट्टीचं पुस्तक, बिलबुक, कॅरेटची वही, असंच असणार ना. तेच तुझे कंट्रोलर. दर वहीला एक कंट्रोलर, त्या वहीत जे जे करतात त्या त्याच्या कमांड. मुनीमजींना वेगळं काही शिकवावं लागत नाही, त्यांच्या डोक्यात ते आधीच तसंच लावलेलं आहे. मी इथल्या मिहान उद्योग परिसरात नोकरी करते, तिथल्या आमच्या आतल्या टूलला पण शेवटी हाच नियम लावला, आधी आम्ही टीमप्रमाणे गट केले होते आणि टीम बदलल्या की सगळं विस्कटायचं.

सिमेंटमध्ये हे कसं बसतं ते सांगते. कोड इथे नीट उमटत नाही म्हणून शब्दांतच लिहिते. कंट्रोलर म्हणजे एक क्लास, त्याच्या पोटात मेटा नावाचा छोटा क्लास, त्यात लेबल लिहायचं. एक कंट्रोलर "बेस" लेबलचा लागतो, तो म्हणजे दुकानाचं दार. बाकीच्यांच्या मेटात स्टॅक्ड-ऑनमध्ये बेस लिहायचं आणि स्टॅक्ड-टाईपमध्ये नेस्टेड किंवा एम्बेडेड. नेस्टेड केलं तर आवक हा स्वतःच एक शब्द होतो आणि त्याच्याखाली जोड, दाखव, खोड येतात. एम्बेडेड केलं तर त्या कंट्रोलरच्या कमांड उचलून थेट बेसमध्ये येतात, म्हणजे कोड वेगवेगळ्या फाईलीत पण वापरणाऱ्याला सगळं एकाच ढिगात. काहीच लिहिलं नाही तर एम्बेडेड धरलं जातं हे लक्षात ठेव, कारण तुझ्या दोन कंट्रोलरमध्ये "जोड" आहे आणि दोन्ही एकाच जागी उतरले तर भांडण. तुला सगळे नेस्टेडच पाहिजेत, बेसमध्ये फार तर बॅकअप वगैरे दोन-एक ठेव.

कमांड म्हणजे त्या क्लासमधली मेथड, तिच्यावर एक्स नावाचा डेकोरेटर. जुन्या 2 आवृत्तीचे लेख वाचशील तर तिथे एक्स्पोज दिसेल, 3 मध्ये एक्स आहे, त्यात गोंधळू नको. हेल्पचं वाक्य आणि आर्ग्युमेंट डेकोरेटरलाच देतात, आणि मेथडच्या आत सेल्फ डॉट ॲप डॉट पार्ग्जमधून किंमती मिळतात. मेथडच्या नावात अंडरस्कोर असेल तर कमांडमध्ये त्याची डॅश होते. आणि ॲपच्या मेटातल्या हँडलर्सच्या यादीत प्रत्येक कंट्रोलर लिहायचा. मी पहिल्यांदा ते विसरले होते आणि अर्धा दिवस कमांड का दिसत नाही म्हणून इम्पोर्ट तपासत बसले, एरर काहीच येत नाही, फक्त कमांड नसते.

आता हिशोबाचं, आणि माझ्या मते तुझा खरा प्रश्न हाच आहे. कंट्रोलरमध्ये गणित अजिबात ठेवू नको. कंट्रोलरने तीनच कामं करायची: काय टाईप केलं ते घ्यायचं, योग्य फंक्शनला द्यायचं, आलेलं उत्तर छापायचं. हमाली-तोलाई वेगळ्या मॉड्यूलमध्ये साध्या फंक्शनांत, ज्यांना कमांड-लाईन नावाची गोष्ट माहीतच नाही. पट्टीचा कंट्रोलर त्यातलं शेतकऱ्याचं फंक्शन बोलावेल, बिलाचा कंट्रोलर खरेदीदाराचं. उद्या अडतीचा नियम बदलला तर एकाच जागी हात लावशील. मेथड पडद्यावर मावत नसेल तर समज की गणित आत शिरलंय.

डेटाबेस पण प्रत्येक कमांडमध्ये उघडू नको. सिमेंटमध्ये पोस्ट-सेटअप हुक (ॲपची तयारी झाली की आपोआप चालणारं फंक्शन लावायची जागा) आहे, तिथे एकदा कनेक्शन उघडून ॲपला एक्स्टेंड करून चिकटवायचं, मग सगळ्या कंट्रोलरना सेल्फ डॉट ॲप डॉट डीबी म्हणून मिळतं.

---

हिंगणा_टेस्टर

ताईने बरोबर सांगितलं, वहीवरूनच पाड. मी थोडं वेगळं सांगतो भाऊ, फ्रेमवर्क काहून पायजे? टाईप केलेली कमांड वाचणारं आर्गपार्स मॉड्यूल पायथनसोबतच येतं, 2.7 आणि 3.2 पासून आहे, काकांच्या कॉम्प्युटरवर वेगळं इन्स्टॉल करायची भानगड नाही. मी कारखान्यातल्या टेस्टिंगच्या टूलमध्ये हेच करून राहिलो आहे. दर वहीची एक फाईल, त्या फाईलमध्ये एक नोंदणीचं फंक्शन, त्याला मुख्य पार्सरचे (कमांड वाचणाऱ्याचे) सबपार्सर, म्हणजे सबकमांड वाचणारे, द्यायचे, ते स्वतःचा पार्सर जोडते आणि सेट-डिफॉल्ट्सने कोणतं फंक्शन चालवायचं ते बांधून ठेवते. मुख्य फाईलमध्ये चारही नोंदणीची फंक्शनं बोलावली आणि शेवटी बांधलेलं फंक्शन चालवलं, संपलं. मुख्य फाईल चाळीस ओळींच्या वर जात नाही.

तीन ठिकाणी मी आपटलो आहे, ती सांगून ठेवतो. पहिलं, पायथन 3 मध्ये सबकमांड दिलीच नाही तरी आर्गपार्स तक्रार करत नाही, मग पुढे तुझं फंक्शनच नसल्यामुळे भलतीच एरर येते. 3.7 पासून ॲड-सबपार्सर्सला रिक्वायर्ड ट्रू देता येतं, ते दे आणि सोबत डेस्ट पण दे. हे दर वहीच्या पातळीवर पण लागतं, फक्त वरच्या पातळीवर देऊन भागत नाही.

दुसरं, तारखेसारखा ऑप्शन सगळीकडे लागतो म्हणून तो मुख्य पार्सरला पण दिला आणि सबपार्सरला पण दिला, तर सबपार्सरचा डिफॉल्ट (काही टाकलं नाही तर धरायची किंमत) वरच्यावर बसतो. म्हणजे माणसाने आधी कालची तारीख टाकली, मग आवक दाखव म्हटलं, आणि आजचीच आवक आली. एरर नाही, काही नाही, गुपचूप चुकीचं उत्तर. हिशोबात हे लयच वाईट. त्यापेक्षा तारखेचा एक वेगळा पार्सर कर, त्याला ॲड-हेल्प फॉल्स दे आणि ज्या ज्या कमांडला पायजे तिथे पेरेंट्स म्हणून लाव, मुख्यला लावू नको.

तिसरं तुझ्या मुनीमजींसाठी. आर्गपार्स लांब ऑप्शनची अर्धवट अक्षरं पण मान्य करते, नुसती पहिली दोन-तीन टाकली आणि दुसरा तसा ऑप्शन नसला तर चालवून टाकते. खोडायच्या कमांडवर हे नको. अलाव-ॲब्रेव्ह फॉल्स कर, 3.5 पासून आहे.

आणि दोन कंट्रोलरनी एकाच नावाची सबकमांड जोडली तर जुन्या पायथनमध्ये दुसरी पहिलीवर चूपचाप बसायची, 3.11 पासून सरळ एरर येते. गाळ्यावर जुनं पायथन असेल तर आधी ते बदल.

---

वर्धारोड_बॅकएंड

@हिंगणा_टेस्टर डिफॉल्टचं मला माहीत होतं पण मी सप्रेस डिफॉल्ट देऊन भागवत होते, तुमचं पेरेंट्सवालं जास्त स्वच्छ आहे. आणि खरं सांगायचं तर सिमेंटच्या आत पण आर्गपार्सच आहे, म्हणून यातलं बरंचसं तिकडे पण लागू होतं. तुम्ही 23 कमांडपुरतं आर्गपार्स म्हणताय ते ठीकच आहे. कॉन्फिग फाईल, लॉगिंग, प्लगिन हे सगळं पण लागणार असेल तर मी सिमेंट घेईन, नाहीतर नाही.

@कळमनावाला, एक राहिलं. टेस्ट लिही रे बाबा. सिमेंटमध्ये ॲप बनवतानाच आर्गव्हीची यादी देता येते, आर्गपार्समध्ये पार्स-आर्ग्जला यादी देता येते, दोन्हीकडे टर्मिनल लागत नाही. पहिली टेस्ट 118 ची लिही.

---

कळमनावाला

ताई, भाऊ, दोघांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार बसून केलं, उत्तर द्यायला उशीर झाला.

आर्गपार्सच घेतलं, कारण गाळ्यावरच्या कॉम्प्युटरवर नेट धड चालत नाही. ताईंनी सांगितलं तसं आधी काकांच्या गादीवर जाऊन बसलो आणि वह्या मोजल्या. मी चार धरून बसलो होतो, निघाल्या पाच. हमालांच्या मजुरीची वेगळी छोटी वही आहे, ती मला कधी दिसलीच नव्हती, कारण माझ्या कोडमध्ये हमाली म्हणजे पट्टीतून कापायची एक रक्कम, बस. तिकडे तर ती माणसांना रोज संध्याकाळी द्यायची असते. तर आता आवक, पट्टी, बिल, कॅरेट, हमाली असे पाच कंट्रोलर, पाच फाईली. गणित सगळं एका वेगळ्या फाईलमध्ये. ते हलवताना कळलं की तीन कॉपींपैकी एका ठिकाणी तोलाई जुन्याच दराने लागत होती, ती फक्त मोसंबीच्या बिलावर. काकांना सांगितलं, त्यांनी खरेदीदारांचे फरक काढायला घेतलेत.

नोंद मिटवायच्या कमांडचं नाव मुनीमजींनाच विचारलं. त्यांनी वहीचं पान उघडून दाखवलं, तिथे चुकलेल्या ओळीवर आडवी रेघ होती आणि बाजूला सही. म्हणाले, "वहीतली ओळ कोणी काढते का, खोडते." मग नाव "आवक खोड" ठेवलं, आणि ती रेघ बघून टूलमध्ये पण तसंच केलं, नोंद डिलीट होत नाही, खोडलेली अशी खूण बसते आणि कोणी खोडली ते राहतं. "पट्टी काढ" मात्र "पट्टी काढ"च आहे.

पहिली टेस्ट 118 ची लिहिली. नुसतं "काढ 118" टाकलं की प्रोग्रॅम कोड 2 ने (म्हणजे कमांड चुकली असं सांगून) बाहेर पडतो, पाचही वह्यांची नावं दाखवतो, आणि 42 कॅरेट जिथल्या तिथे राहतात. सोमवारी सकाळी मुनीमजींना शेजारी बसवून तेच टाईप करायला लावलं. एंटर दाबायच्या आधी दोनदा माझ्याकडे बघितलं त्यांनी. मग यादी वाचली, "पट्टी काढ 118" टाकलं, आणि प्रिंटरमधून पट्टी आली.

@हिंगणा_टेस्टर भाऊ, एकच विचारायचं राहिलं, मराठी हेल्पचा मजकूर पाचही फाईलींत तिथल्या तिथे लिहिला आहे, तुम्ही तो एका जागी ठेवता की तसाच?

---

हिंगणा_टेस्टर

तसाच ठेव. कमांड बदलली की हेल्प शेजारीच दिसते, मग बदलायची राहत नाही. आणि तोलाईचं सापडलं ते लय बेस झालं भाऊ. त्या मोसंबीच्या बिलावर पण एक टेस्ट टाकून दे, फरक निघून राहिले तोवरच, आकडे हाताशी आहेत.