जुनी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, भूमिका घेऊन खेळायचे खेळ) मासिकं आजच्या टेबलावर कशी आणायची?

खोकंभर_अंक
१९७८ ते १९९० मधले बरेच अंक हाताशी आहेत. बहुतेक 'ड्रॅगन', थोडे 'व्हाइट ड्वॉर्फ', चार-पाच 'डन्जन'. नुसते चाळायचे नाहीत, त्यातली अ‍ॅडव्हेंचर्स आणि मॉन्स्टर्स खेळात वापरायचे आहेत. पण आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा) जितका कमी तितका चांगला, मंत्राचा पल्ला इंचांत, एका राउंडला (लढाईतल्या फेरीला) कुठे एक मिनिट तर कुठे दहा सेकंद. आकडे बदलायचे कसे, कोणते अंक आधी काढायचे आणि उरलेले अंक विकत घेताना काय तपासायचं?

थॅकोशून्य
आकड्यांना हात लावण्याआधी अंकाचं साल बघा, आणि लेख कोणत्या खेळासाठी लिहिलाय तेही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा मूळ संच १९७४ चा. 'अ‍ॅडव्हान्स्ड' या त्याच्या विस्तारित रूपाची तीन मुख्य पुस्तकं १९७७ ते १९७९ मध्ये आली, त्याची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये. त्याच काळात बेसिक-एक्स्पर्ट (१९८१) ही वेगळी शाखा शेजारीच चालू होती. 'व्हाइट ड्वॉर्फ'मध्ये तर 'ट्रॅव्हलर', 'रूनक्वेस्ट', 'कॉल ऑफ कथुलू' सगळं एकत्र. टक्केवारीत कौशल्यं दिसली की ते 'रूनक्वेस्ट' किंवा 'कथुलू' असणार. तिथे आर्मर क्लास शोधत बसू नका.

आता हिशोब. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये चिलखत नसलेल्याचा आर्मर क्लास १०, म्हणून नवा आकडा (जास्त तितका चांगला) = २० वजा जुना. बेसिक-एक्स्पर्टमध्ये तोच ९ पासून सुरू होतो, तिथे १९ वजा जुना. थॅकोचंही (आर्मर क्लास ० वर वार लागायला फाशावर हवा असलेला आकडा) तसंच: अ‍ॅडव्हान्स्डमध्ये हल्ल्याचा बोनस २० वजा थॅको, बेसिकमध्ये १९ वजा थॅको. गडबड होते ती आर्मर क्लास २० मधून आणि थॅको १९ मधून वजा केल्यावर. प्रत्येक वार एकाने चुकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पाया एकच धरा.

इंच म्हणजे पहिल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये घरात किंवा भुयारात १० फूट आणि उघड्यावर १० यार्ड. ६ इंचांचा पल्ला भुयारात ६० फूट, मैदानात ६० यार्ड. पण मंत्र किती जागेवर पसरतो ते माप बाहेरही फुटांतच राहतं. ते यार्डांत नेलं की आगीचा गोळा अख्खं गाव जाळतो.

राउंड अ‍ॅडव्हान्स्डमध्ये १ मिनिटाचा, बेसिकमध्ये १० सेकंदांचा. टर्न (राउंडपेक्षा मोठं कालमाप) दोन्हीकडे १० मिनिटांचा. म्हणजे टर्नमध्ये लिहिलेले मंत्र बिनधास्त उचला. राउंडमध्ये लिहिलेले मात्र मूळ खेळ बघूनच.

नकाशेवेडा
+१. वाचायचं काय, यावर माझं मत जरा टोकाचं आहे: नियम सुधारणारे लेख बाजूला ठेवा. त्या काळात क्रिटिकल हिटचे (जबर वाराचे) तक्ते फार लोकप्रिय होते. दिसायला मजेदार, पण मार खेळाडूंनाच जास्त बसतो. मॉन्स्टर एका लढाईपुरता जगतो, खेळाडूच्या कॅरेक्टरवर मात्र प्रत्येक लढाईत फासे पडतात. हात तुटण्याची शक्यता शेकडा एक असली तरी शेवटी तुटतो तो खेळाडूचाच.

नवे क्लास (कॅरेक्टरचे प्रकार) आधी मासिकात आणि मग पुस्तकात, असा रिवाज होता. बार्बेरियन 'ड्रॅगन' ६३ मध्ये (१९८२), थीफ-अ‍ॅक्रोबॅट ६९ मध्ये, कॅव्हेलियर ७२ मध्ये. १९८५ मध्ये तिन्ही 'अनअर्थ्ड आर्काना'त आले. मासिकातलं आणि पुस्तकातलं रूप वेगळं असू शकतं. टेबलावर एकच ठेवा, नाहीतर सत्राच्या मध्येच वाद.

वेळ द्यायचा तर 'इकॉलॉजी ऑफ' या मालिकेला द्या. 'ड्रॅगन'मध्ये ती अंक ७२ पासून, पिअर्सर या मॉन्स्टरवरच्या लेखाने सुरू झाली. प्राणी खातो काय, राहतो कुठे, शिकार कशी करतो. यातलं बहुतेक सगळं कुठल्याही आवृत्तीत जसंच्या तसं चालतं. 'व्हाइट ड्वॉर्फ'चं 'फीन्ड फॅक्टरी' हे सदरही बघा. गिथयांकी हे मॉन्स्टर्स पहिल्यांदा तिथेच आले, अंक १२, १९७९. हे मासिक मात्र साधारण शंभराव्या अंकापर्यंतच (१९८८) आरपीजीसाठी कामाचं. पुढे ते प्रकाशकाच्या स्वतःच्या लघुमूर्तींच्या युद्धखेळांचं झालं.

विकत घेताना मधली पानं मोजा. कापून वापरायचे खेळ, सोंगट्या, घडीचे नकाशे मध्यभागी पिनांना अडकवलेले असायचे. 'ड्रॅगन' २८ मध्ये 'ऑफुल ग्रीन थिंग्ज फ्रॉम आउटर स्पेस' हा अख्खा खेळ आहे. तो काढून घेतलेला अंक बाहेरून धडधाकट दिसतो. पृष्ठांक सलग आहेत का ते बघा, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण पुरवणीला बऱ्याचदा वेगळे पृष्ठांक असतात किंवा नसतातच. अनुक्रमणिका आणि संपादकीयात पुरवणीचा उल्लेख शोधा. पिना सैल असतील किंवा शेजारी गंजाची जुनी भोकं असतील, तर मधून काहीतरी गेलेलं असण्याची शक्यता जास्त.

खोकंभर_अंक
हिशोब कळला, धन्यवाद. आम्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती खेळतो, चार कॅरेक्टर्स आहेत. अ‍ॅडव्हेंचर '६ ते ८ कॅरेक्टर्स, पातळी ३ ते ५' म्हणतं, आणि एका खोलीत ३० ऑर्क. इथे वजाबाकी पुरेल?

थॅकोशून्य
नाही पुरणार. पाचवीसाठी मॉन्स्टरचे आकडे बदलूच नका. नाव घ्या आणि पाचवीतलाच तयार ऑर्क ठेवा. खरी अडचण संख्येची आहे. पाचवीत आर्मर क्लास फारसा चढत नाही, त्यामुळे ३० जणांचे ३० वार पाचव्या पातळीवरही लागत राहतात. खोलीत ८-१० ठेवा, बाकीचे शेजारच्या खोल्यांत विखरा आणि दोन-तीन राउंडनी येऊ द्या.

धैर्याचा नियम बेसिक-एक्स्पर्टमधून उचला, यासारखं फुकटचं औषध नाही. पहिला मेला की आणि अर्धे पडले की २ षटफलकी फासे टाका. बेरीज मॉन्स्टरच्या धैर्यांकापेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. जुन्या अ‍ॅडव्हेंचरमधली गर्दी शेवटच्या ऑर्कपर्यंत झुंजेल असं धरूनच चाललात तर लढाई संपता संपत नाही.

खजिन्याकडेही बघा. जुन्या नियमांत गुहेतून सुखरूप आणलेल्या १ सुवर्णमुद्रेला १ अनुभवगुण मिळायचा, म्हणून खजिने एवढे अवाढव्य. पाचवीत सोन्याला अनुभवगुण नाहीत. सोनं तसंच ठेवलंत तर कॅरेक्टर्स श्रीमंत होतील आणि पातळी मात्र हलणार नाही. एकतर सोनं दहा टक्क्यांवर आणा आणि पातळी कथेच्या टप्प्यांवर वाढवा, नाहीतर सोन्याचे अनुभवगुण परत सुरू करा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, त्यात खेळाडू लढाई टाळायला शिकतात.

पिवळं_पान
स्कॅनिंगचं कुणी बोललं नाही, म्हणून. मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) पुरे, नकाशांना ६००. ग्रेस्केल किंवा रंगीत ठेवा, निव्वळ काळं-पांढरं नको. फिकट निळ्या शाईतले नकाशे त्यात नाहीसे होतात. ते रंगीत स्कॅन करून फक्त लाल चॅनल घ्या, निळ्या रेघा गडद उमटतात. पानामागे काळा कागद धरा, मागच्या बाजूचा मजकूर झिरपत नाही. छायाचित्रांवर लाटांसारखी जाळी आली तर स्कॅनरचं 'डीस्क्रीन' चालू करा, पण नकाशांसाठी बंद. बारीक अक्षरं मऊ होतात.

पीडीएफ करताना जेबीआयजी२ या चित्रं लहान करण्याच्या पद्धतीचं लॉसी (तपशील गाळणारं) रूप टाळा. ते सारखी दिसणारी अक्षरं एकमेकांच्या जागी बसवतं. २०१३ मध्ये काही कॉपियर यंत्रांत याच पद्धतीमुळे ६ चे ८ झाल्याचं उघड झालं होतं. कादंबरीत एखादं अक्षर बदललं तर वाचक सावरून घेतो, मॉन्स्टरचे हिट डाइस (त्याची ताकद सांगणारा आकडा) ६ चे ८ झाले तर खेळाडूंची पार्टी मरते. ओसीआर (यंत्राने मजकूर ओळखणं) करताना स्तंभांच्या चौकटी हाताने आखा. तीन स्तंभ आणि मध्ये घुसलेली जाहिरात असली की यंत्र आडवंच वाचत जातं.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या घ्या, पीव्हीसीच्या नको. त्यातून निघणारी रसायनं कागद आणि शाई दोन्ही खराब करतात. आणि पिशवी घेताना मापही बघा: 'ड्रॅगन' अमेरिकी लेटर आकाराचं, उंची सुमारे २८ सेंमी, 'व्हाइट ड्वॉर्फ' ए४, म्हणजे २९.७. पहिल्याच्या मापाची पिशवी दुसऱ्यावर ओढली की वरची कड दुमडते.