खपली गव्हाची पोळी मोडते, म्हणजे गहू खोटा का?

मळेकर_वेंगुर्ला
नमस्कार मंडळी. आईला साखर निघाल्यापासून आम्ही घरात खपली गहू आणतो. आमच्याकडे मूळचं खाणं भात आणि नाचणी, गहू दुकानातून येईल तो, त्यामुळे पारख अशी नाही. आताच्या पिशवीतला दाणा लांबट, तांबूस आहे. कणीक मळताना ठीक वाटते, पण लाटायला घेतली की कडा चिरतात आणि तव्यावरून काढताना पोळी मोडते. शेजारच्या काकी म्हणतात, हा खपली नव्हेच, साध्या गव्हाला रंग लावलाय. खरा खपली ओळखायचा कसा? आणि भात कापल्यावर आम्ही मळ्यात चवळी-कुळीथ करतो, तिथे एक वाफा खपलीचा होईल का?

कृष्णाकाठची_गुहागरात
मळेकर दादा, माझं माहेर मिरजेजवळ आणि सासर गुहागर तालुक्यात. खपली बघतच मोठी झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोळी मोडते एवढ्यावरून गहू खोटा म्हणू नका. खपलीत ग्लुटेन असतं, पण ते कमजोर. लोकवनची कणीक ताणली की ताणते, ही तुटते. पाणी कोमट घ्या, कणीक सैलसर मळा, अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा आणि लहान, जाडसर पोळी लाटा. कागदासारखी पातळ पोळी हिच्याकडून मागूच नये.

आता ओळख. खपली शेतातून येतो तो टरफलासकट, तुमच्या भातासारखा. मळणी केली तरी दाणा सुटत नाही. कणसाचे नुसते तुकडे पडतात आणि एकेका तुकड्यात बहुधा दोन दाणे जोडीने बसलेले असतात. आई त्यावर पाण्याचा हबका मारून उखळात सडायची, सुपात पाखडायची, पुन्हा सडायची. हाताला कूस टोचायचं, पण दाणा अखंड निघायचा. तुम्ही मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरा. जोडीदाराला लागून असलेली बाजू चपटी दिसेल, पाठ उचललेली, दोन्ही टोकं निमुळती. शिवाय पिशवीत चार-दोन दाणे टरफलातच राहिलेले सापडले तर मला फार बरं वाटतं, कारण साध्या गव्हात ते असे येत नाहीत. रंगाची शंका असेल तर दाणे वाटीभर पाण्यात टाका आणि थोड्या वेळाने ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळा. लाल डाग पडला तर काकींचं खरं.

पण मला मनापासून सांगायचंय ते वेगळंच. खपलीच्या पोळ्यांचा एवढा आग्रह कशाला? आमच्या सांगली-कोल्हापूरकडे खपली म्हटलं की खीर. आईंना गूळ चालणार नाही, तर कण्या करा. गहू रात्री भिजत घाला, सकाळी निथळून मिक्सरला अगदी दोन-तीन झटके द्या, निघालेला कोंडा राहू द्या. कुकरला मऊ शिजवा, वरून जिरं-मिरचीची फोडणी आणि ओलं खोबरं. आमच्या सासूबाई ह्या कण्या कुळथाच्या पिठीबरोबर खातात. दाणा दाताखाली लागतो, सावकाश चावावा लागतो, पोटाला आधार राहतो. तरी आईंना किती द्यायच्या ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. खपली हे औषध नव्हे, धान्य आहे. आणि ज्यांना ग्लुटेन वर्ज्य सांगितलंय त्यांना हाही गहू वर्ज्यच.

घरच्या बाकीच्यांसाठी खीर करालच, तर गूळ दाणा पुरता शिजल्यावर घाला, आधी घातला तर दाणा टणक राहतो. नारळाचा दुसरा रस शिजताना, पहिला रस गॅस बंद करून. सुंठ, जायफळ हवंच. ही नारळाच्या रसातली खीर मी सासरी शिकले आणि आता माहेरीही तशीच होते.

गिरणवाला_राजापूर
ताईंनी बरोबर लिहिलंय. दळणाबद्दल थोडं. आमच्याकडे दिवसभर तांदळाचं दळण चालतं. त्यावर लगेच खपली टाकली तर सुरुवातीला तांदळाचंच पीठ पडतं, आणि तेवढ्यानेही पोळी चिरते. दुसऱ्या कुणाचा गहू दळून झाला की मग आपला द्यावा. दाणा कडक आहे, दगड घट्ट आवळला तर पीठ तापतं. घाई नाही असं गिरणीत सांगा आणि घरी आल्यावर पीठ पसरून निववा, मगच डब्यात भरा.

शिवारातला_दापोली
वाफ्याबद्दल सांगतो. मी शेतीच शिकलोय. गव्हाला थंडी लागते, ती आपल्या किनाऱ्यावर पुरेशी पडत नाही. झाड वाढेल, पण दाणा नीट भरणार नाही. जांभ्याच्या आंबट जमिनीत तर आणखी कठीण. हौस म्हणून चार ओळी टाका, पण कुळथाची जागा देऊ नका. खपलीचा पट्टा म्हणजे उत्तर कर्नाटक आणि त्याला लागून असलेला आपला दक्षिण महाराष्ट्र. जुने वाण उंच वाढून लोळतात, म्हणून धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके १०२९ आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ असे बुटके वाण दिले.

ह्या गव्हाबद्दल मला अभिमान वाटतो तो तांबेऱ्यामुळे, म्हणजे गव्हावर पडणाऱ्या बुरशीच्या रोगामुळे. अमेरिकेत १९२२ साली खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला गव्हाच्या बारा वाणांचा संच ठरवला गेला, त्यात एक वाण 'खपली' ह्याच नावाचा होता. तांबेऱ्याला तोंड देणारी जनुकं पुढे त्याच्यातून दुसऱ्या गव्हात नेली गेली. आणि बन्सी, म्हणजे रव्या-शेवयांचा गहू, हा खपलीचा जवळचा नातलग, दोघांचीही गुणसूत्रं २८. रोजच्या पोळीच्या गव्हाची ४२. त्यामुळे बन्सी खपली म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका, ताईंनी सांगितलेली चपटी बाजू बघा.

मळेकर_वेंगुर्ला
मंडळी, खूप आभार. चपटी बाजू दिसली, टरफलातले तीन दाणेही सापडले, फडक्यावर डाग नाही. काकींनाही दाखवलं. उद्या कण्या करतोय. शेवटचं एक, पावसाळ्यात ठेवायचा कसा? आमच्याकडे जूनपासून सगळ्याला सोंडे लागतात.

कृष्णाकाठची_गुहागरात
सडून टरफल काढलेला गहू महिन्याभराचाच आणा. मे महिन्यात कडकडीत ऊन द्या, पूर्ण निवला की कोरड्या पत्र्याच्या डब्यात सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासकट भरा. गरम गरम भरलात तर डब्याला आतून घाम सुटतो. टरफलासकट मिळाला तर वर्षाचा तोच घ्या, टरफलात कीड लवकर शिरत नाही, आणि लागेल तसा सडा. उखळ नसेल तर तुमच्याकडच्या भाताच्या गिरणीत विचारा. तिथे तुकडा थोडा जास्त पडेल, पण कण्यांना तो चालतोच.