जहाल कीटकनाशकं बाजारातूनच काढावीत की नीट वापर शिकवावा?

रानवाट: फवारणी करताना कुणाला विषबाधा झाली की सल्ला ठरलेला. हातमोजे घाला, मास्क लावा, लेबल वाचा. म्हणजे चूक फवारणाऱ्याचीच. भर उन्हात पाठीवर पंप आणि अंगभर प्लास्टिकचा सूट, किती वेळ टिकणार माणूस? एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांच्या कीटकनाशकांबाबतच्या आचारसंहितेतच म्हटलंय, की ज्या औषधाला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ते टाळावं, विशेषतः उष्ण हवेतल्या छोट्या शेतकऱ्यांनी. माझ्या मते अतिजहाल औषधं विकायलाच नकोत.

पंपवाला: बोलायला सोपं. बंदी आली की तेच औषध बिनलेबलाच्या बाटलीत चोरून येतं. २०२१ मध्ये श्रीलंकेत काय झालं ते विसरलात?

रानवाट: तिथे रासायनिक खतं आणि औषधं सरसकट एका फटक्यात बंद केली होती, काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. पण त्याच श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास सर्वांत विषारी गटातली औषधं काढली, १९९८ मध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक. तिथे अशी औषधं पिऊन जीव देणारे बरेच होते; पुढच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. भाताचं उत्पादन त्यापायी घसरल्याचं अभ्यासात दिसलं नाही.

कोरडवाहू: गट कशावरून पाडता तेही बघा. डब्ल्यूएचओची वर्गवारी मुख्यतः उंदरांवरच्या तीव्र विषबाधेच्या चाचण्यांवर उभी आहे. पॅराक्वॅट हे तणनाशक त्यात 'मध्यम घातक', आणि पोटात गेलं तर उतारा नाही! नुसता गट बघून बंदी घातली तर नेमकं तेच सुटेल.

पंपवाला: हे मान्य. पण जागी काय येतं? डीडीटी मागे पडलं तेव्हा ऑर्गॅनोफॉस्फेटं, म्हणजे कीटकनाशकांचा दुसरा एक गट, आली. मातीत कमी टिकतात, पण त्यातली पॅराथिऑनसारखी फवारणाऱ्याला कितीतरी जास्त घातक. आधी पर्याय तपासा, मग बंदी.

चिकित्सक: शेतकऱ्यालाच का धरता सगळे? पर्मेथ्रिन हे कीटकनाशक युरोपीय संघात पिकावर मारायला मंजूर नाही, पण लाकूड टिकवायला आणि किडे मारायला बायोसाइड, म्हणजे पिकाबाहेर वापरायचं जीवनाशक, म्हणून चालतं. कायदा वेगळा, मंजुरीची फाइल वेगळी.

पंपवाला: वापर वेगळा, मग अंगात जाणारी मात्राही वेगळी. त्यात गैर काय?

चिकित्सक: दोन्हीकडून मिळून किती जातं, ही बेरीज कुठल्या फाइलीत होते ते सांगा.

कोरडवाहू: आणि विक्रेत्याचं काय? कुठली कीड, कुठलं औषध, किती मात्रा हे सांगणारा तोच आणि विकणाराही तोच. परवाना देताना हे दोन धंदे वेगळे करायला हवेत. यावर पंपवाले, तुमचीही हरकत नसावी.