वारस गादीवर बसला, आता राखणदाराचं काय? : दुर्गादास राठोड

मरुधर:
काल्पनिक राज्यांच्या कथांत एक जुना, वार झेललेला सैनिक हमखास असतो. राजा गेलेला, वारस तान्हा, आणि हा त्याला घेऊन रानोमाळ लपतोय. पोर गादीवर बसलं की कथा संपते. मला पुढचं वाचायचं असतं.

मारवाडचा, म्हणजे जोधपूरच्या राज्याचा सरदार दुर्गादास राठोड बघा. तिथले महाराजा जसवंतसिंह डिसेंबर १६७८ मध्ये खैबर खिंडीजवळ जमरूदला वारले, त्यांचा मुलगा अजितसिंह त्यानंतर लाहोरला जन्मला. औरंगजेबाने जोधपूर नागोरच्या इंद्रसिंहाला देऊन टाकलं. १६७९ मध्ये दिल्लीत मोगलांनी राठोडांना घेरलं, तेव्हा कित्येकांनी जीव देऊन पोराला बाहेर काढलं. दुर्गादास तेव्हा चाळिशीचा. १७०७ मध्ये बादशहा मेला, अजितसिंहाने जोधपूर घेतलं, आणि पुढे याच म्हाताऱ्याला मारवाड सोडावं लागलं. १७१८ मध्ये उज्जैनला वारला. समाधीची छत्री शिप्रेकाठी आहे. अजितसिंहाचा हा कृतघ्नपणाच.

दरबारी:
अजिबात पटलं नाही. अजितसिंह तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, कडेवरचं पोर नव्हे. दुर्गादास स्वतः बादशहाशी बोलणी करायचा, त्याच्याकडून मनसब, म्हणजे मोगली हुद्दा, आणि गुजरातेतल्या पाटणच्या फौजदाराचं पदही त्याने घेतलं होतं. सरदार ज्याच्या तोंडाकडे बघतात असा माणूस दरबारात असताना राजाचा हुकूम कोण ऐकणार? राज्य चालवायचं तर राजाला कठोर व्हावंच लागतं.

मरुधर:
मनसब कशी मिळाली तेही सांगा की. बापाविरुद्ध बंड करून पळालेला औरंगजेबाचा मुलगा शाहजादा अकबर, त्याची मुलं मारवाडात मागे राहिली होती, ती दुर्गादासाने सुखरूप परत पाठवली. औरंगजेबाने नातीला कुराण शिकवायची सोय करायला घेतली, तर कळलं की दुर्गादासाने तिच्यासाठी शिक्षिका ठेवून ते आधीच शिकवलंय. शत्रूच्या नातीची जो इतकी काळजी घेतो, तो आपल्या धन्याच्या मुलाची गादी बळकावेल? त्याला बळकवायचीच असती तर पोर तान्हं असताना कोण अडवणार होतं?

सुधागडकर:
दोघंही एक गोष्ट विसरताय. दुर्गादास १६८१ मध्ये अकबराला घेऊन आमच्याकडे, संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. अकबराचा मुक्काम सुधागडच्या पायथ्याशी, पालीच्या बाजूला होता. दुर्गादास मारवाडात परतला १६८७ मध्ये. मधल्या काळात अजितसिंह सिरोहीकडे लपलेला, आणि त्याच्यावर लक्ष ठेवून होता मुकुंददास खीची हा दुसरा सरदार. म्हणजे पोराला जाण येत होती, त्या वर्षांत दुर्गादास त्याच्याजवळ नव्हताच. अजितसिंहाच्या लेखी तो वडिलांच्या जागी असेल असं आपण गृहीत धरतो, ते चूक आहे. त्याच्यासाठी तो सगळ्यांच्या तोंडी असलेला मोठा माणूस होता. रोज त्याचंच कौतुक ऐकत वाढलेल्या मुलाच्या मनात माया येईल की दडपण?

दरबारी:
हे मान्य. माझा मुद्दा यानेच पक्का होतो.

मरुधर:
नाही होत. दडपण आलं म्हणून ऐंशीच्या घरातल्या माणसाला परमुलखात मरू द्यायचं? मारवाडच्या लोकांनी आपला कौल दिलाय. ‘माई एहडा पूत जण, जेहडा दुर्गादास’ : आई, पोटी असा पूत येऊ दे, दुर्गादासासारखा. असा दोहा अजितसिंहाच्या नावाने कुणी म्हणत असेल तर दाखवा.

सुधागडकर:
दोह्याने राज्यकारभाराचा निवाडा होत नाही. पण दरबारी, तुमचा ‘कठोर राजा’ १७२४ मध्ये पोटच्या पोराच्या, बखतसिंहाच्या हातून मारला गेला. त्याच्या भरवशाचं तेव्हा जवळ कोण उरलं होतं, ते सांगा.