मार्गदर्शक तत्त्वं कोर्टात चालत नाहीत तर घटनेत ठेवलीच कशाला? मदत हवी आहे, शनिवारच्या आत

श्रुती११:
अकरावीला आहे. वादविवाद स्पर्धेत मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे सरकारने कायदे करताना काय साधावं याच्या घटनेतल्या सूचना, हा विषय आलाय आणि जिथे बघावं तिथे एकच वाक्य, ही तत्त्वं न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. मग पुढे बोलायचं काय? मूलभूत हक्क मोडला तर कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं, इथे तसं काहीच नाही, तरी घटनाकारांनी ३६ ते ५१ एवढी कलमं लिहिली कशासाठी हेच मला कळत नाहीये. कलमांची यादी पाठ आहे, यादी नको. सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेपुरतं कर. प्लीज ठोस मुद्दे द्या, लिंक नको, वाचायला वेळ नाही.

लक्ष्य_यूपीएससी:
सोपंय. कलम ३७ सांग, त्यातच लिहिलंय की कुठलंही कोर्ट ही तत्त्वं अंमलात आणणार नाही. मग १९५१ चा चंपकम दोराईराजन खटला, मद्रास सरकारने मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जागा जातवार वाटल्या होत्या, कोर्टाने ते रद्द केलं आणि तत्त्वं मूलभूत हक्कांच्या खाली चालतील असं सांगितलं. घटना समितीत के. टी. शहांनी तर याला बँकेला जमेल तेव्हा वटणारा चेक म्हटलं होतं, हे वाक्य नक्की वापर. शेवटी म्हण की सात मूलभूत हक्क हाच घटनेचा गाभा, बाकी सगळी नुसती इच्छांची यादी. झालं भाषण.

निवृत्त_मास्तर:
सात नव्हे, सहा. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने घटनेच्या भाग ३ मधून, म्हणजे मूलभूत हक्कांच्या भागातून, काढला, आता तो कलम ३००क मध्ये साधा कायदेशीर हक्क आहे. जुन्या नोट्समधून पाठ केलं की असं होतं.
श्रुती बाळ, आधी विषयाचं पूर्ण वाक्य लिही. तू अनुकूल बाजूने आहेस की प्रतिकूल? किती मिनिटं? परीक्षक कोण, शिक्षक की वकील? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तरी उपयोग नाही.

सायली_नाशिक:
अगं आर्ट्स घेतलंयस तर आत्तापासून क्लॅटची तयारी सुरू कर. माझ्या भावाने बारावीत उशिरा सुरू केली आणि फार धावपळ झाली. पाच वर्षांचा लॉ कोर्स आहे, राज्यशास्त्राचा खूप फायदा होतो. मराठी माध्यम असेल तर इंग्रजी वाचन वाढव, रोज एक संपादकीय.

श्रुती११:
ताई क्लॅटचं नंतर बघते, आत्ता शनिवारचं बघायचंय.
मास्तर काका, वाक्य असं आहे: "मार्गदर्शक तत्त्वे ही केवळ कागदावरची आश्वासने आहेत." मी प्रतिकूल बाजूला आहे. लक्ष्य दादाने दिलेले सगळे मुद्दे समोरच्या टीमचे झाले. चार मिनिटं.

लक्ष्य_यूपीएससी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. पण खरं सांगू, अनुकूल बाजूच बरोबर आहे, प्रतिकूल बाजूने जिंकणं अवघड.

निवृत्त_मास्तर:
अजिबात अवघड नाही. तू कलम ३७ चा पहिला अर्धा भाग सांगितलास. त्याच कलमात पुढे लिहिलंय की ही तत्त्वं देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. दुसरा अर्धा भाग गाळून पहिला वाचायचा ही सवय सगळ्या गाइडांची. श्रुती, तुझं भाषण तिथूनच सुरू कर.
चंपकमचंही तसंच. निकाल आला एप्रिल १९५१ मध्ये आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली, कलम १५ मध्ये पोटकलम ४ आलं आणि मागासवर्गांसाठी विशेष तरतुदी करायची वाट खुली झाली. कलम ४६ दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताबद्दल बोलतं. कोर्टाने त्या तत्त्वाला खालची जागा दिली आणि संसदेने काही महिन्यांत त्याच्यासाठी घटना बदलली. कागदावरच्या आश्वासनासाठी कोणी घटना बदलतं का?

करवीर_वाचक:
कलम ४५ घे, माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही. मूळ घटनेत लिहिलं होतं की दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करावा. मुदत घातलेलं हे एकमेव तत्त्व. १९६० उलटलं, झालं नाही. पण १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम २१ मधला जगण्याचा हक्क आणि कलम ४५ एकत्र वाचून १४ वर्षांपर्यंत शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला, मग २००२ ला ८६वी दुरुस्ती होऊन २१क आलं, २००९ ला आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. म्हणजे कोर्टात न चालणारं तत्त्व शेवटी कोर्टात चालणारा हक्क झालं. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता आणि त्याआधी १९११ ला गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं होतं, ते पडलं. घटनेतलं हे कलम काही आकाशातून पडलेलं नाही.

लक्ष्य_यूपीएससी:
१९५० ते २०१०, साठ वर्षं! यालाच कागदावरचं म्हणतात. त्या साठ वर्षांत जी मुलं शाळेत गेलीच नाहीत त्यांना काय सांगणार?

करवीर_वाचक:
त्यांच्यावर अन्याय झालाच, तो कोणी नाकारत नाहीये. पण वाक्यात "केवळ" शब्द आहे. उशिरा आलेला हक्क म्हणजे न आलेला हक्क नाही.

माणदेशी:
मला खटले येत नाहीत पण रोजगार हमीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आहे ना. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली, वि. स. पागे त्यामागे होते, आणि १९७७ ला त्याचा कायदा झाला. काम मागितलं की सरकारने काम द्यायचं नाहीतर भत्ता द्यायचा. देशात २००५ ला जो राष्ट्रीय कायदा झाला तो याच वाटेने. आमच्या आजीने रोजगार हमीवर खडी फोडलीय, बंडिंग म्हणजे शेताचे बांध घातलेत, त्या मजुरीवर घरातली चार पोरं जगली. तिला कलम ४१ माहीत नव्हतं पण ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. ज्यांना हे कागदावरचं वाटतं त्यांनी आमच्या तालुक्यातले जुने पाझर तलाव बघायला यावं, कोणी बांधले ते विचारावं.

श्रुती११:
काका हे मस्त आहे!! हे मी नक्की घेणार. पण समोरचे म्हणतील की हे विधानसभेने केलं, तत्त्वांनी नाही, तेव्हा काय म्हणू?

गिरगावकर:
विधानसभेने केलेला कायदा टिकतो कशावर ते बघ. आमच्याकडचं उदाहरण देतो, लांबलचक आहे पण वाच. दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) चाळी पडायला आलेल्या, मालक दुरुस्ती करेना, भाडं नाममात्र. १९७६ च्या म्हाडा कायद्यात १९८६ ला प्रकरण ८क घातलं, ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट देऊन सरकारने इमारत ताब्यात घ्यायची आणि रहिवाशांच्या सोसायटीला द्यायची. आणि कायद्यातच लिहिलं की हे कलम ३९(ख) अंमलात आणण्यासाठी आहे, म्हणजे समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी ते तत्त्व. मालकांची संघटना कोर्टात गेली. १९९१ ला मुंबई हायकोर्टाने कायदा उचलून धरला, मालक सुप्रीम कोर्टात गेले आणि तिथे प्रश्न वाढत वाढत नऊ न्यायाधीशांपुढे गेला. निकाल ५ नोव्हेंबर २०२४ ला. आमच्या चाळीतली एक पिढी तेवढ्यात संपली. पण बघ, नऊ न्यायाधीश बसले कशासाठी, तर एका मार्गदर्शक तत्त्वातल्या दोन-तीन शब्दांचा अर्थ लावायला. कागदावरच्या आश्वासनासाठी कोणी एवढं भांडत नाही.

अ‍ॅड_कोथरूड:
गिरगावकर, निकाल काय लागला तेही सांगा ना. बहुमताने ठरलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती होत नाही. न्या. धुलिया यांनी विरोधी मत दिलं, न्या. नागरत्ना अंशतः वेगळ्या होत्या. वकील परीक्षक असतील तर अर्धा निकाल सांगून मुलगी अडचणीत येईल.
आणि माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. तत्त्वांचं एवढं कौतुक करताना आणीबाणी विसरू नका. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने कलम ३१ग असं वाढवलं की कुठल्याही मार्गदर्शक तत्त्वाचं नाव घेऊन केलेला कायद्याला कलम १४ (समानता) आणि १९ (बोलण्यासारखी स्वातंत्र्यं) खाली आव्हान देता येणार नाही. म्हणजे गरिबाचं नाव घ्यायचं आणि नागरिकाचं बोलण्याचं स्वातंत्र्य गुंडाळायचं. वकील नानी पालखीवाला लढले म्हणून १९८० ला मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते रद्द झालं. हक्क आधी, तत्त्वं नंतर, हेच मी पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर सांगतो.

निवृत्त_मास्तर:
वकीलसाहेब, मिनर्व्हा मिल्सने "तत्त्वं नंतर" असं कुठे म्हटलंय? न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलं की भाग ३ (हक्क) आणि भाग ४ (मार्गदर्शक तत्त्वं) यांचा समतोल हाच घटनेचा पाया आहे आणि एकाला दुसऱ्यावर चढवलं तर घटनेचा तोल जातो. वाढवलेला भाग रद्द झाला, पण ३९(ख) आणि (ग), म्हणजे संपत्ती मोजक्यांच्या हाती एकवटू नये हे तत्त्व, या दोनच तत्त्वांसाठीच्या कायद्यांना संरक्षण देणारं मूळ ३१ग १९७३ च्या केशवानंद खटल्यात टिकलं होतं, आणि ते अजून जिवंत आहे असं २०२४ च्या त्याच नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. तेही बाळाला सांगा की.

अ‍ॅड_कोथरूड:
जिवंत आहे, मान्य. धोका आहे हे माझं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही.

वर्धेकर:
दारूबंदीचं कलम ४७ पण टाका. आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून बंदी आहे आणि सगळीकडे मिळते. चंद्रपुरात २०१५ ला लावली, २०२१ ला उठवली. यावर कोणीतरी बोलायला पाहिजे.

फोंडेकर:
समान नागरी कायद्याचं कलम ४४ राहिलं. गोव्यात कौटुंबिक कायदा सगळ्यांना एकच, पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा १९६१ नंतरही चालू ठेवला. नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, मुलीला वारसा. आमच्याकडे कोणाला यात वावगं वाटत नाही.

करवीर_वाचक:
फोंडेकर, तो कायदा घटनेच्या आधीचा, तेव्हा कलम ४४ मुळे झाला असं ती म्हणू शकणार नाही. लगेच खोडतील. आणि हा विषय काढला की परीक्षक आणि श्रोते दोन्ही तिकडेच वाहवत जातील.

फोंडेकर:
मी कुठे म्हटलं कलम ४४ मुळे झाला? तत्त्व राबवता येतं एवढंच सांगतोय.

वर्धेकर:
मग दारूबंदी पण राबवता येते का सांगा. आमच्या इथल्या बायांनी मोर्चे काढले, त्या कलमाच्याच आधाराने.

श्रुती११:
प्लीज भांडू नका. माझा प्रश्न राहिला. विधानसभेने केलं, तत्त्वांनी नाही, याला काय उत्तर?

निवृत्त_मास्तर:
उत्तर असं दे. घटनाकारांनी मुद्दामच तत्त्वांची अंमलबजावणी न्यायाधीशाऐवजी मतदाराच्या हातात दिली. डॉ. आंबेडकर १९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत याच भागावर बोलताना राजकीय लोकशाहीबरोबर आर्थिक लोकशाहीही हवी असं म्हणाले, आणि सत्तेवर कोणताही पक्ष येवो, या सूचना पाळल्या नाहीत तर त्याला मतदारांपुढे जाब द्यावा लागेल ही त्यांची भूमिका होती. तेव्हा विधानसभेने केलं म्हणजे तत्त्व अपेक्षेप्रमाणे चाललं. वर एक कोर्टाचं उदाहरण ठेव, १९५१ चा बलसारा खटला, मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्यातलं काही रद्द झालं पण बरंचसं टिकलं, आणि निर्बंध वाजवी आहेत का हे ठरवताना कलम ४७ चा आधार घेतला गेला. वर्धेकरांचं कलम असं उपयोगी पडतं.

लक्ष्य_यूपीएससी:
मास्तर, मतदाराने जाब विचारलाच नाही तर? साठ वर्षं शिक्षणाचं कोणी विचारलं? माझा मुद्दा तिथेच आहे.

माणदेशी:
७२ ला विचारला होता. दुष्काळात कामं मागायला लोक रस्त्यावर उतरले होते म्हणून कायदा झाला.

श्रुती११:
ठरलं. कलम ३७ चा दुसरा भाग, मग रोजगार हमी, मग शिक्षण, आणि बलसारा प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवते. चाळींचं चार मिनिटांत बसणार नाही, गिरगावकर काका सॉरी. माणदेशी काका, आजींचं उदाहरण वापरलं तर चालेल का, नाव घेणार नाही?

माणदेशी:
घे की. पण खडी फोडली एवढंच सांगू नको, आठवड्याला मजुरी हातात मिळायची आणि ती तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर मिळायची, हे सांग.