मदत हवी आहे: रेकॉर्डचं जुनं प्रेसिंग (तेव्हा छापलेली तबकडी) की नवी १८० ग्रॅमची रीइश्यू (पुन्हा काढलेली, जाड तबकडी), आवाज तोलायचा कसा?

नमस्कार मंडळी,

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ रेकॉर्डच्या दोन प्रती आहेत माझ्याकडे. एक सत्तरच्या दशकातली, कोलंबिया कंपनीचं लाल लेबल असलेली, काकांनी अमेरिकेतून आणलेली, आणि दुसरी आत्ताच घेतलेली १८० ग्रॅमची रीइश्यू, जिची किंमत घरी अजून सांगितलेली नाही. त्याच मालिकेतल्या आणखी रेकॉर्ड घ्यायच्या का ते यावर ठरणार आहे, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

'सो व्हॉट' या पहिल्या ट्रॅकमध्ये ट्रम्पेटचा सोलो सुरू होतो तिथे ड्रमर जिमी कॉब झांजेवर फटका मारतो ना, तीच जागा मी परत परत लावतोय. नवीनवर फटका एकदम लख्ख येतो, काठी धातूवर कुठे पडली ते कळतं, पण जुनीवर मागची आस जास्त वेळ रेंगाळते असं वाटतं, चरचर असूनसुद्धा. बास नवीनवर निर्विवाद चांगला, बासवाल्या पॉल चेंबर्सचा एकेक सूर सुटा ऐकू येतो.

आता खरी अडचण. पहिली बाजू २ मार्च १९५९ ला रेकॉर्ड झाली तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळं थोडं चढं लागतं, आणि १९९२ मध्ये दुसऱ्या मशीनवरच्या सेफ्टी टेपवरून (त्याच वेळी केलेल्या राखीव टेपवरून) हे दुरुस्त होईपर्यंत सगळीकडे तेच चढं व्हर्जन चालू होतं. माझी नवी प्रत दुरुस्त वेगाची आहे. म्हणजे जुनी मला तरतरीत वाटते ती प्रेसिंगमुळे की नुसती चढ्या सुरामुळे? शिवाय नवीन थोडी मोठ्याने वाजते. अशात तुम्ही तुलना कशी करता? काय ऐकता, कुठल्या क्रमाने?

तानपुरा: दादा, आधी बाजू बदला. दुसरी बाजू २२ एप्रिलच्या सेशनची, तिला वेगाचा घोळ नाही. तिच्यावरच्या 'ऑल ब्लूज'वर तुलना करा म्हणजे सुराचा प्रश्न मिटला. मग आवाजाची पातळी, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एखाद डेसिबलने मोठं असलं तरी कान त्यालाच 'जास्त डिटेल' म्हणतो. दोन्ही प्रती धुवून, त्याच सुईने, त्याच फोनो स्टेजमधून (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी) लॅपटॉपवर २४ बिट ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये पातळी जुळवा आणि फूबार या प्लेअरच्या एबीएक्स चाचणीने कुठली कुठली आहे ते न बघता ऐका. झांजेची आस तिथेही वेगळी ऐकू आली तर ती खरी.

बी_साइड: वरच्याशी सहमत. फक्त १८० ग्रॅमला भुलू नका, वजनाने आवाज सुधारत नाही, जाड तबकडीने सुईचा कोन मात्र किंचित बदलतो. मास्टरिंग (तबकडीसाठी आवाजाची शेवटची तयारी) कुणी केलं, कुठल्या टेपवरून, आणि प्रेसिंग कसं उतरलं यावर सगळं अवलंबून. शेवटच्या ट्रॅकनंतरच्या कोऱ्या पट्टीत मूळ तबकडीवर खाचा कट करणाऱ्याची आद्याक्षरं बऱ्याचदा कोरलेली असतात, ती वाचा. भोक मध्यावर आहे का तेही बघा, नसेल तर पियानोचा लांब सूर हेलकावतो आणि ही तक्रार महागड्या प्रतींतही निघते. आणि 'पूर्ण अ‍ॅनालॉग' वगैरे स्टिकर वाचून कान लावू नका. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू काढणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच रेकॉर्डमध्ये मधली एक पायरी डीएसडी, म्हणजे डिजिटल, असल्याचं त्यांच्याच इंजिनिअरांनी सांगितलं, आणि त्यातल्या कितीतरी रेकॉर्डचा आवाज तोवर लोक अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून दाखवत होते. माझ्या मते त्या रेकॉर्ड तेव्हाही उत्तम होत्या, आजही आहेत.

मूळ प्रश्नकर्ता: मनापासून आभार दोघांचे. दुसरी बाजू आत्ताच लावून बघितली, 'ऑल ब्लूज'वर नवीन प्रत सरळ पुढे आहे, सुरुवातीला ड्रमवर ब्रश फिरतात ते जुनीवर चरचरीत बुडतात. पण आसेचं अजून कळत नाहीये, त्यासाठी रेकॉर्ड करूनच बघतो. फोनो स्टेजमधून लॅपटॉपला घ्यायला साधं यूएसबी साउंड कार्ड पुरेल का, की चांगला ऑडिओ इंटरफेस लागेल?